गाडीचं वय कॅलेंडरवर मोजू नका

भारतीय हवाई दलाकडे १९४४ साली बांधलेलं एक डकोटा विमान आहे. ब्रिटिश हवाई दलातून ते कधीच निवृत्त झालं होतं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेतलं, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला त्याची दुरुस्ती करून घेतली आणि आपल्या हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डकोटाचेच वैमानिक होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये हे विमान इंग्लंडहून मजल दरमजल करत, स्वतः उडत भारतात आलं. त्याचं नाव ‘परशुराम’. अंगावर रंगवलेला व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. भारतात पोचलं तेव्हा विमानाचं वय चौऱ्याहत्तर वर्षं होतं.

या विमानाला उडायची परवानगी देताना कोणी जन्मतारीख बघून निकाल दिला नाही. सांगाड्याला तडे गेलेत का, पंखाच्या मुळाशी गंज आहे का, इंजिनं शेवटची कधी उघडली आणि त्यानंतर किती तास चालली, हे बघितलं गेलं. विमानांच्या जगात सगळीकडे हाच शिरस्ता आहे. काही भागांना तासांची मुदत असते, काहींना वर्षांचीही असते, पण ती मुदत त्या त्या भागाची. भाग बदलला, तपासणी झाली, सही झाली की विमान पुन्हा आकाशात. जिथे एक बोल्ट सैल राहिला तर माणसं मरतात, तिथे वयावर नाही तर प्रकृतीवर विश्वास ठेवला जातो.

आणि मोटारसायकल? तिला आपण कॅलेंडर दाखवतो.

दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षं, पेट्रोल गाडीचं पंधरा असं मानलं गेलं. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांनी हे ठरलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा फतवा तिथे निघाला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. महाराष्ट्रात परिस्थिती इतकी कडक नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत जायचं, गाडी पास करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, की आणखी पाच वर्षं मिळतात. पण दर पाच वर्षांनी हा उंबरठा थोडा उंच होत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २,००० आणि मोटारीचं १०,००० रुपये केलं. गाडी महिन्यातून एकदा निघते की रोज साठ किलोमीटर पळते, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

दुसऱ्या टोकाला २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा मोटार विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नोंदणी दहा वर्षांची असते आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. हा नियम आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण जुनी गाडी हा वारसा आहे असं सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. तो आनंद आजही आहे. पण नियम बारकाईने वाचला की दोन गोष्टी खटकतात. एक, पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी कोणीच नाही. ती जुनाटही आहे आणि वारसाही नाही. दोन, तीनचाकी, टॅक्सी, बस, टेम्पो, ट्रक यांना या दारातून प्रवेशच नाही.

आता ही पस्तीस वर्षं म्हणजे कोणत्या गाड्या, ते बघा. १९७६ नंतरच्या. म्हणजे महाराष्ट्राने स्वतःच्या हातांनी बनवलेलं जवळजवळ सगळं.

बजाजची आकुर्डीची चेतक स्कूटर १९७२ साली आली आणि २००० नंतरही काही वर्षं बनत राहिली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले तर ती लवकर मिळायची. डाव्या मुठीत गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक, मागे स्टेपनी, आणि पुढे बाबांच्या दोन हातांमध्ये उभं राहिलेलं पोर. पंक्चर झालं तर नट काढून चाक बदलायचं आणि निघायचं, कारण पुढचं-मागचं चाक एकच. लूनाही पुण्याचीच, १९७२ ची. पन्नास सीसीचं इंजिन आणि सायकलसारखी पायडलं; पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. नोकरदार बायकांच्या एका पिढीने स्वतःचं पहिलं वाहन म्हणून ती चालवली. भांडुपला एपीआय कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर बनायची, पुढे तिचीच लॅम्बी झाली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायची आणि १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. बजाज टेम्पोची तीनचाकी हॅनसिट आणि नंतरची मॅटाडोर यांच्याशिवाय मंडईत भाजी आणि लग्नात वऱ्हाड पोचत नव्हतं.

या गाड्या दुर्मीळ नव्हत्या आणि हीच त्यांची अडचण आहे. घरोघरी असलेली वस्तू कोणी जपत नाही. संस्थानिकांच्या गाड्या टिकल्या, कारण त्या पहिल्या दिवसापासून मौल्यवान होत्या. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार आजही शाही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि ती बघायला माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी राहतात. मला त्याचा अभिमान वाटतो. पण कारकुनाने, शिक्षकाने, नर्सने प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली १९८४ ची चेतक मेबॅकपेक्षा कमी इतिहास सांगते, हे मला मान्य नाही. उलट महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचा इतिहास लिहायचा तर ती जास्त सांगते. आणि ती पन्नाशीला पोचायच्या आत किलोच्या भावाने गेलेली असेल.

‘मग ठेवा ना संग्रहालयात,’ असं लोक म्हणतात. ठेवायला हवीच. पण उभी गाडी म्हणजे अर्धी गाडी, हे ज्याने एखादं जुनं इंजिन सांभाळलंय त्याला सांगावं लागत नाही.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं उदाहरण घेतो, कारण ती मी सांभाळतो. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. ती सुरू करायची म्हणजे किक मारत सुटायचं नसतं. चावी फिरवायची, हेडलाइटच्या डोक्यावरच्या अॅम्पिअर मीटरकडे बघत किक हळूहळू दाबायची. काटा वजा बाजूला असतो. पिस्टन वर येऊन दाब लागला, ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले, की तो मध्यावर येऊन थांबतो. तिथे डाव्या हाताखालची, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढायची, किक जेमतेम एक इंच पुढे न्यायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. न घाबरता, न थांबता. अर्धवट मारली तर ती उलटी येते आणि पायाला लक्षात राहील असं सांगते. या क्रमात चार-स्ट्रोक इंजिनाचा सगळा धडा आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जो दाब आणि घनफळाचा पीव्ही आलेख असतो तो इथे तळपायाला कळतो.

ही बुलेट दोन महिने उभी ठेवली की काय होतं? टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाळून जेटमध्ये चिकट थर बसतो. पॉइंटवर बुरशीसारखा पांढरट थर चढतो. ऑइल सील सुकून कडक होतात, टायर टेकलेल्या जागी बसका होतो, टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या भागाला आतून गंज धरतो. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या गाडीत हे सगळं होत असतं, फक्त बाहेरून पॉलिश दिसतं. दहा वर्षांनी ती गाडी राहत नाही, तिचा आकार राहतो.

आणि गाडीबरोबर हात जातात. माझे मिस्त्री टायमिंग लावताना पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरतात आणि क्रँक हळूहळू फिरवतात. कागद ज्या क्षणी सैल सुटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. त्यांनी हे कोणत्या शाळेत शिकलं नाही आणि त्यांच्या हाताखाली आज शिकायला कोणी नाही. जुन्या बाजारात जाऊन येझदीचा पिस्टन हातात घेऊन, नखाने खाच चाचपून तो कोणत्या बोअरचा आहे हे सांगणारी माणसं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नुसता तुटका नमुना बघून नवा भाग ओतून देणारे कारागीर. मुंबईत पद्मिनीच्या पत्र्याला लाकडी हातोडीने पुन्हा मूळ गोलाई देणारे डेंटर. गाडी चालली तर यांना काम. काम असेल तर विद्या टिकणार. हवाई दल टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा ही जुनी विमानं उडवतं ते कवायतीच्या शोभेसाठी फक्त नाही. कापडी पंख शिवणारा आणि रेडियल इंजिन लावणारा तंत्रज्ञ त्यामुळे तयार राहतो.

आपण काय गमावू शकतो हे मुंबईने डोळ्यांदेखत बघितलं आहे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात सी हॉक आणि अलीझे विमानं जिच्यावरून उडाली ती विमानवाहू नौका विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचं संग्रहालय झालं, शाळांच्या सहली जायच्या. २०१२ मध्ये ती सुरक्षित नाही म्हणून बंद झाली. ती कायमची जपण्याचा खर्च परवडत नाही, असं राज्य सरकारने सांगितलं. २०१४ साली लिलाव झाला, साधारण ६० कोटी रुपयांना, आणि त्याच वर्षी दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचं काही लोखंड बजाजने विकत घेतलं आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ या मोटारसायकलच्या टाकीत वापरलं. ती मोटारसायकल विकत घेणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण जी नौका मुलांना चढून बघता आली असती तिचा अंश पेट्रोलच्या टाकीत मिळणं, ही भरपाई होऊ शकत नाही. विशाखापट्टणमने कुरसुरा ही पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली आणि २००२ पासून लोक तिच्यात आत जातात. तिच्या समोर २०१७ मध्ये टीयू-१४२ हे अवाढव्य विमानही आणून बसवलं. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक, अलीझे, सी हॅरियर आणि चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन बघायला मिळतं. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाने अर्धा दिवस त्यासाठी काढावा, असं मी आग्रहाने सांगेन. म्हणजे हे आपल्या देशात जमतं. मुंबईत ते जमवलं गेलं नाही.

अशीच गोष्ट २०२३ च्या पावसाळ्याअखेरीस जमिनीवर झाली. १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली. ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी बंद, कारण ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षं आदल्या दिवशी भरली. टॅक्सी म्हणून ती थांबली हे योग्यच झालं. दिवसभर गर्दीत धूर सोडत फिरणाऱ्या व्यावसायिक वाहनाला वयाची मर्यादा असावी, यात मला शंका नाही. ज्या दमेकरी माणसाने पंचवीस वर्षं सिग्नलला तो धूर घेतला त्याच्यासमोर माझ्या आठवणींना काही किंमत नाही. पण धंद्यातून निवृत्त झालेली टॅक्सी ‘टॅक्सी’ म्हणूनच, मीटर आणि काळ्यापिवळ्या रंगासकट, रविवारी मरीन ड्राइव्हवर चालवायची कायदेशीर सोय असायला काय हरकत आहे? आजच्या नियमात ती नाही.

प्रदूषणाचा मुद्दा टाळून हा विषय मांडता येणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत येत असताना सायलेन्सरचं दारही उघडं असतं, त्यामुळे थोडं पेट्रोल आणि ऑइल न जळताच बाहेर जातं. येझदी असो, आरएक्स हंड्रेड असो की चेतक, किलोमीटरमागे ती आजच्या गाडीपेक्षा घाणेरडी आहे. जुन्या गाड्यांच्या प्रेमात हे नाकारणारे लोक आमचं प्रकरण कमकुवत करतात. पण हवेचा हिशेब किलोमीटरमागे किती यावर संपत नाही. किती किलोमीटर हेही विचारावं लागतं. वर्षाला हजारभर किलोमीटर चालणारी, नीट ट्यून केलेली आरएक्स शहराच्या हवेला बिघडवत नाही. बिघडवतात ते रोज शे-दीडशे किलोमीटर धावणारे, पंप आणि नोझल झिजलेले ट्रक आणि टेम्पो, ज्यांच्याकडे कधीकधी फिटनेसचा कागद असतो आणि फिटनेस नसतो. वयाची सरसकट मर्यादा घातली की दोघेही एकाच तराजूत येतात आणि खरा दोषी नवा नंबर घेऊन सुटतो.

जगाने यावर तोडगा काढलेला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिव्हाची, व्याख्या साधी आहे: किमान तीस वर्षं जुनी, ऐतिहासिकदृष्ट्या अचूक स्थितीत राखलेली, रोजच्या वाहतुकीसाठी न वापरली जाणारी गाडी. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर ‘एच’ अक्षराची पाटी मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो. दोन्ही देशांत हवेचे नियम आपल्यापेक्षा ढिले आहेत असं कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे पन्नासची मर्यादा तीसवर आणा, ही माझी पहिली मागणी. तीनचाकी आणि व्यावसायिक वाहनांनाही, धंदा न करण्याच्या अटीवर, आत घ्या. चालवण्याची मुभा रॅली आणि प्रदर्शनापुरती न ठेवता रविवार आणि सुट्टीच्या दिवशी द्या, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, दरवर्षी तपासणी करा. उद्या कोणीही खटारा आणून वारसा म्हणून नोंदवेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच चेसी आणि इंजिन क्रमांक, मूळ सुटे भाग आणि ब्रेक यांची तपासणी कडक हवी. ती कोणी करायची? पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून आहे. तिने निकष ठरवून द्यावेत, जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये तपासणी व्हावी आणि त्या निमित्ताने मोटार मेकॅनिकच्या मुलांना पॉइंट आणि कार्बोरेटर हाताळायला मिळावेत.

पेट्रोलचाही प्रश्न आहे, आणि तो महाराष्ट्रात बोलायला लोक कचरतात, कारण ऊस आपला आणि इथेनॉलही आपलं. साखर कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघतं, हे मला पूर्ण कळतं. पण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. जुन्या टाकीला आतून गंज धरतो, जुन्या रबराची नळी मऊ पडते, पेट्रोल कॉकमधला बुचाचा वायसर बिघडतो. या गाड्या त्या इंधनासाठी बनल्याच नव्हत्या. ब्रिटनने २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महाग पेट्रोल पंपावर चालू ठेवलं. आपल्याकडेही जिल्ह्यात एक पंप पुरे, दर जास्त ठेवला तरी आम्ही देऊ.

कायदा बदलायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र त्याआधी होऊ शकते. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनलेलं मिग-२१ हे लढाऊ विमान सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं आणि आता ही विमानं ठिकठिकाणी चौथऱ्यांवर चढतील. त्यातलं एक तरी नाशिक जिल्ह्यात छपराखाली, कॉकपिट उघडं, इंजिन बाहेर काढून शेजारी मांडलेलं असावं, कारण ते जोडणाऱ्या कामगारांपैकी कितीतरी जण अजून तिथेच राहतात आणि मुलांना समजावून सांगू शकतात. एसटीचंही तसंच. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली बस धावली तेव्हापासून महामंडळाने किती प्रकारच्या गाड्या बांधल्या, याची जितीजागती साखळी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत उभी करता आली असती. ती संधी बरीचशी गेली. पण लाल डब्यांच्या पुढच्या लिलावाआधी प्रत्येक प्रकारातली एक चालू गाडी यादीतून बाजूला काढून कार्यशाळेच्या ताब्यात ठेवणं, आणि वर्षातून एकदा १ जूनला ती कार्यशाळेच्या आवारात लोकांसमोर चालवणं, यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. महामंडळाच्या संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो.